टाचणीमावशीच्या गाडीला झोप लागेना

आमच्या नाटक कंपनीत राजे बदलले, राण्या बदलल्या, खलनायक तर हंगामागणिक बदलले. बदलली नाही ती फक्त कपडेपटातली टाचणीमावशी. तोंडात कायम चार टाचण्या धरून वावरायची म्हणून टाचणी. आणि मावशी का, ते कुणालाच ठाऊक नाही. कंपनीत आली तेव्हा ती ऐन विशीत होती आणि तेव्हाही मावशीच होती. माझ्याहून ती वयाने लहान, तरी मीही तिला मावशीच म्हणते. ती मला ‘राणीसाहेब’ म्हणते. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मी आजवर तपासलेलं नाही. काही मुठी झाकलेल्याच बऱ्या.

तोंडात टाचण्या असल्यामुळे मावशीचं बोलणं दोन आवाजांत चालायचं. ‘हं’ म्हणजे होय, ‘अंहं’ म्हणजे खबरदार. टाचण्या काढून ती बोलायला लागली की समजायचं, मामला गंभीर आहे. एकदा ऐन दुसऱ्या अंकात माझा झगा पाठीवर कंबरेपासून मानेपर्यंत उसवला. मी सिंहासनावर, समोर भरलेलं नाट्यगृह, आणि तोंडात राज्याचा निरोप घेण्याचं लांबलचक भाषण. मावशी पडद्यामागून रांगत आली, सिंहासनाच्या पाठीमागे दडली आणि फटीतून हात घालून मला शिवू लागली. त्या दिवशी त्या भाषणाला प्रेक्षक ओक्साबोक्शी रडले. मीही रडले, कारण तिसऱ्या टाक्याला सुई थेट पाठीत घुसली होती. प्रयोगानंतर मी तिला म्हटलं, “मावशी, अगं जीव घेशील!” तर म्हणते, “राणीसाहेब, कंबर तुमची वाढली, दोष माझ्या शिवणीला नाही.”

तिची खरी मिरास म्हणजे तिच्या शिलाई मशीनचा खण. पायाने चालवायचं जुनं मशीन, लोखंडी पायांचं, आणि उजव्या हाताला एक छोटा लाकडी खण. प्रयोगाआधी सगळे नट त्या खणापाशी रांग लावायचे. राजाच्या बोटात लग्नाची अंगठी कशी चालेल? भिकाऱ्याच्या मनगटावर घड्याळ कसं शोभेल? अंगठ्या, घड्याळं, चष्मे, घरच्या किल्ल्या, सगळं मावशीच्या स्वाधीन. ती प्रत्येकाची वस्तू त्याच्याच पोशाखाच्या उरलेल्या चिंधीत गुंडाळून खणात ठेवायची. माझी अंगठी लाल मखमलीत, सेनापतीचं घड्याळ पिवळ्या साटिनीत. पडदा पडला की न विचारता ज्याची वस्तू त्याच्या हातात. इतके दौरे झाले, इतकी गावं झाली, एकदा तर नाट्यगृहाचं छप्पर गळून कपडेपट पाण्याखाली गेला. पण त्या खणातली साधी टिकलीही कधी हरवली नाही. आमचा व्यवस्थापक तिजोरीला कुलूप लावायचा. मावशीच्या खणाला कुलूपच नव्हतं.

कंपनी बंद झाली, आम्ही सगळे घरोघरी पांगलो. नशिबाने मावशी माझ्याच इमारतीत राहायला आली. ती तळमजल्यावर, मी बरोबर तिच्या डोक्यावर. “आयुष्यभर तुमच्या पायाशी बसून घेर शिवले, आता कायमची खालीच राहिले,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आणि मग, ज्या वयात बायका गुडघ्यांचे पट्टे विकत घेतात, त्या वयात मावशी गाडी चालवायला शिकली. मुलगा दुसऱ्या शहरात, विमा कंपनीत. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आईला दिली. विजेवर चालणारी, छोटीशी, शेवाळी रंगाची. आवाज म्हणून नाहीच. मावशीने तिचं नाव ‘मुकी’ ठेवलं. “आयुष्यभर बडबड्यांत काढलं राणीसाहेब, आता एक तरी मुकी सोबत हवी.” मुकी तिच्या खिडकीला अगदी चिकटून उभी राहायची, खिडकीतून हात काढला तर टपावर ठेवता येईल इतकी जवळ. चार्जिंगची तारही त्याच खिडकीतून बाहेर यायची.

मुकीमुळे आमच्या उतरत्या अंकात जान आली. मावशी मला ग्रंथालयात न्यायची, समुद्रावर न्यायची, आणि आमच्या दिवेवाल्याला दवाखान्यात न्यायची. हा दिवेवाला म्हणजे कंपनीचा प्रकाशयोजनाकार. त्याने आम्हाला चाळीस वर्षं उजेडात ठेवलं आणि आता त्याच्याच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले होते. तरी उजेडाबद्दल सल्ला द्यायची सवय काही सुटली नव्हती. मावशीकडे चहाला आला की डोळे बारीक करून म्हणायचा, “मशीन त्या कोपऱ्यात काय ठेवलंयस, मावशी? सुईवर सावली पडतेय. खिडकीत घे, खिडकीत!” त्याच्या त्रासाला कंटाळून उन्हाळा लागताना मावशीने मशीन आतल्या खोलीतून ओढून खिडकीशी आणलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे. पहिल्या अंकात भिंतीवर तलवार दिसली, तर ती कुणाच्या तरी कामी येतेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुकीचं बिघडलं.

बिघडलं म्हणजे काय, तर बॅटरी उतरायला लागली. गाडी चालताना उतरते ती गोष्ट वेगळी. ही उभ्या उभ्या उतरत होती. मावशी संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरून तार काढून ठेवायची. दोनचार दिवस कुठे जायचं नसलं तर मुकी नुसती उभी. आणि पुन्हा आत बसून पाहावं तर चौथाई बॅटरी गायब! न पेट्रोल सांडलं, न चोर आला.

“ही काय उभ्या उभ्या स्वप्नात फिरून येते की काय?” मी म्हटलं.

“अंहं,” मावशी म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

पहिल्यांदा आम्ही हसण्यावारी नेलं. पण दिवेवाल्याच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याला घरी आणायला मावशी निघाली, आणि मुकीच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. बॅटरी इतकी खाली की दवाखाना गाठला असता तर परत येणं देवाच्या हवाली. आदल्या आठवड्यातच भरली होती, असं मावशीला पक्कं आठवत होतं. बिचारा दिवेवाला एका डोळ्यावर पट्टी घेऊन टॅक्सीने आला. मावशीच्या दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, अंधार करायचं काम माझं होतं. तू कधीपासून करायला लागलीस?”

तो हसला, मी हसले. मावशी हसली नाही.

कारण थोड्याच वेळापूर्वी तिच्या मुलाचा फोन आला होता. मुलगा गुणी आहे, आईवर जीव आहे. पण लांब राहणाऱ्या माणसाची काळजी नेहमी प्रश्नांच्या रूपात येते. “आई, दार नीट लावलं होतंस ना? आतला दिवा राहिला का चालू? तू खरंच भरली होतीस का बॅटरी, की भरायची राहिली?” आणि शेवटी तो म्हणाला, “आई, पुढच्या महिन्यात येतो तेव्हा गाडी घेऊन जातो मी. तुला कुठे जायचं असेल तर टॅक्सी आहेतच.”

हे मला सांगताना मावशीने आधी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि एकेक करून टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या.

“गाडीचं काही नाही हो राणीसाहेब. गाडी काय, लोखंड. पण तो माझ्याशी हळूहळू बोलायला लागलाय. एकेक शब्द सुटा करून. आपण बहिऱ्या प्रेक्षकांच्या गावात बोलायचो ना, तसं.”

जिच्या खणातून कधी एक टिकली हरवली नाही, तिला पोटचा पोरगा विसराळू समजायला लागला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, तीही त्याचं खरं मानायला लागली होती.

मी म्हटलं, “आधी गाडी दाखवू या. दोषी कोण ते शेवटच्या अंकात ठरतं, पहिल्यात नाही.”

वर्कशॉपमध्ये एक चटपटीत मुलगी होती. केस वर बांधलेले, हातात लॅपटॉप, बोलण्यात लपवाछपवी नाही. तिने मुकीची तार लॅपटॉपला जोडली, पुढचं झाकण उघडून छोटी बॅटरीही तपासली. तेव्हा मला कळलं की या गाड्यांना दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चाकं फिरवणारी. दुसरी छोटी, दिवे, कुलपं आणि आतलं डोकं चालवणारी. धाकटी दमली की थोरली तिला भरवत राहते आणि स्वतः खंगते.

“आईसारखी,” मावशी म्हणाली.

“अगदी! पण तुमची धाकटी ठणठणीत आहे, काकू. थोरलीही.” मुलीने झाकण लावलं. “कसं असतं, तुम्ही कुलूप लावून गेलात की गाडी झोपते. झोपेत बॅटरी जवळजवळ उतरतच नाही. पण कशाने तरी ती जागी होत राहिली, तर आतलं सगळं डोकं सुरू राहतं. तुम्ही आत बसलेल्या असल्यासारखी ती वाट बघत राहते आणि बॅटरी खात राहते. तेव्हा शोधायचं काय, तर तिला उठवतंय कोण.”

मग तिने सरबत्ती सुरू केली. एसी वेळ लावून ठेवलाय का? नाही. आत काही खुपसून ठेवलंय का? एक छोटा पंखा होता, माझ्या हट्टाने घेतलेला, तो निघाला. कॅमेऱ्याचा पहारा सुरू आहे का? होता. मुलाने सुरू करून दिला होता, चोरांवर नजर ठेवायला. मांजर गेलं तरी मुकी डोळे वटारायची. तोही बंद झाला. किल्ली गाडीजवळ तर नसते?

“छे, छे,” मावशी म्हणाली. “घरात. खणात.”

“मग मोबाईलवर गाडी कोण बघतं?”

मी आणि मावशी एकमेकींकडे पाहू लागलो. मावशीच्या मोबाईलवर गाडी नव्हतीच. होती ती मुलाच्या. मुलीने तिथूनच त्याला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

“दादा, आईंची गाडी मोबाईलवर किती वेळा उघडता?”

पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज. “म्हणजे... अधूनमधून. बॅटरी किती आहे बघायला. काळजी वाटते ना.”

“रोज?”

“रोज. म्हणजे... दिवसातून बऱ्याचदा.”

“तुम्ही विचारलंत की गाडी झोपेतून उठून उत्तर देते, दादा. मग पुन्हा झोपायला तिला वेळ लागतो.”

मावशीने फोन जवळ ओढला. “म्हणजे तूच तिला तासातासाला उठवून विचारतोस, ‘झोपलीस का?’ लहानपणी मी तुझ्याशी असं केलं असतं तर?”

पोरगा खजील झाला, हसलाही. बघणं बंद करतो म्हणाला. वर्कशॉपच्या मुलीने खात्रीसाठी मुकी दोन दिवस ठेवून घेतली. दोन दिवसांनी आम्ही गेलो तर बॅटरी तसूभरही हलली नव्हती. मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. नाटक संपलं, पडदा!

पण हाय! पडदा अडकला. मुकी घरी आली आणि पुन्हा उतरू लागली. आधीपेक्षा कमी, पण उतरतच होती. मुलगा मोबाईलला हात लावत नव्हता, कॅमेरे मिटलेले, पंखा माझ्या टेबलावर. आणि आता तर पुरावा अधिक भक्कम झाला होता: वर्कशॉपमध्ये गाडी शांत झोपते, मावशीकडे झोपत नाही. मग दोष कुणाचा? मुलगा काही बोलला नाही. पण पुढच्या महिन्यात येण्याची तारीख त्याने पक्की केली. न बोलणं हे बोलण्यापेक्षा मोठं असतं, हे नटांना सांगावं लागत नाही.

मावशीचं वागणंच बदललं. मुकीला कुलूप लावून घरात यायची, पुन्हा बाहेर जाऊन प्रत्येक दार ओढून बघायची. गॅस बंद केला का, म्हणून जिन्यातून परत फिरायची. बोटाला धागा बांधून ठेवायची आणि मग धागा कशाचा म्हणून विचारात पडायची. एकदा माझ्याकडे चहा पिता पिता म्हणाली, “राणीसाहेब, तुम्हाला कळलं तर सांगाल ना? म्हणजे माझं डोकं... तुम्ही रोज बघता.”

“तुझं डोकं शाबूत आहे. माझ्या कंबरेचं माप विचारू?”

तिने क्षणात सांगितलं, आणि तेही तरुणपणचं, मधल्या वयातलं आणि आत्ताचं, तिन्ही. पण हसली नाही.

काळजी वाटली की मावशी काय करते? मशीन चालवते. कंपनीवर संकट आलं की आम्ही भांडायचो, व्यवस्थापक डोकं धरून बसायचा आणि मावशी उसवलेलं शिवायला बसायची. या वेळी तिला कामही तसंच मिळालं होतं. जवळच्या शाळेत मुलांचं नाटक होतं आणि त्यात आख्खं जंगल होतं. सगळ्या झाडांचे पोशाख मावशीकडे. खोलीभर हिरव्या कापडाचे ढीग, पलंगावर फांद्या, खुर्चीवर बुंधे. सकाळी चहा झाला की खिडकीशी बसायची ती उन्हं कलेपर्यंत मशीनची खडखड. मुकी उतरली की मावशीला काळजी, काळजी वाटली की मशीन. माझ्या पायांखालची फरशी दिवसभर थरथरायची.

एके दिवशी मी ठरवलं. प्रयोग बिघडतो आहे, आणि प्रेक्षागृहात बसून कुणी तो पाहिलेलाच नाही! आम्ही फक्त शेवटी बॅटरी मोजतो. मधे काय घडतं? मी खुर्ची घेतली, छत्री घेतली, आणि समोरच्या पदपथावर, मुकीच्या अगदी समोर जाऊन बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना मौज वाटली. कोपऱ्यावरचा फुलवाला म्हणाला, “काय आजी, कुणाची वाट बघताय?”

“नायिकेची,” मी म्हटलं. “उशिरा येते, मेली.”

खिडकीच्या आत मावशी माप घेत होती. मुकी निवांत होती, बाजूचे दोन्ही आरसे मांजराने कान पाडावेत तसे मिटलेले. बराच वेळ काही घडलं नाही. मी पेंगुळले होते, तेवढ्यात दोन्ही आरसे हळूच उघडले. दारांच्या मुठींशी बारीक दिवे लागले. आसपास कुणी नाही. ना मांजर, ना माणूस. मुकी कान टवकारून उभी! थोड्या वेळाने दिवे विझले, आरसे मिटले. मग पुन्हा उघडले.

दुसऱ्या कुणाला भूत आठवलं असतं. मला तालीम आठवली. रंगमंचावर कुणी उगाच येत नसतं. प्रत्येक एंट्रीच्या आधी काहीतरी असतं: समोरच्याचं शेवटचं वाक्य, एखादा दरवाजा, एखादं हसू. विंगेत उभं राहून आम्ही तेवढ्याचीच वाट बघत असतो. मी मनाशी म्हटलं, मुकीने एंट्री घेतली, पण कशावर? आणि डोळे मिटले, कारण ते ऐकूनच कळतं.

चिमण्या. फुलवाल्याची शिट्टी. दूर कुठेतरी हॉर्न. आणि मग खडखडखडखड...

डोळे उघडले. आरसे उघडत होते.

मी वाट पाहिली. मशीन थांबलं, आत कात्री चालू झाली. अंमळशाने आरसे मिटले. पुन्हा खडखड. पुन्हा आरसे.

“मावशी!” मी भर रस्त्यात ओरडले. माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. “थांब!”

“काय झालं? पडलात की काय?”

“थांब म्हटलं ना! पाय उचल!”

मशीन थांबलं. मुकीने सावकाश आरसे मिटले.

“आता चालव!”

“अहो झाड आहे हातात...”

“जंगल गेलं खड्ड्यात, चालव!”

खडखडखड. आणि मुकीने कान टवकारले. मी छत्री उडवली. फुलवाल्याने कारण माहीत नसताना टाळ्या वाजवल्या; असे प्रेक्षक हल्ली मिळत नाहीत.

आत गेले तर मावशी टाचण्या तोंडात धरून माझ्याकडे पाहत होती. मी काही न बोलता मशीनचा खण ओढला. आत बॉबिनी, मापाची फीत, खडू आणि एका काळ्या चिंधीत गुंडाळलेली मुकीची किल्ली. नटांच्या चिंध्या रंगीत. पडदेवाले, दिवेवाले, कपडेवाली, सगळे पडद्यामागचे लोक काळ्या कपड्यांत. स्वतःची वस्तू तिने स्वतःच्याच कापडात ठेवली होती. दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?

“पाय हलव जरा,” मी म्हटलं. मशीन चाललं आणि किल्ली खणात बॉबिनींबरोबर नाचू लागली.

वर्कशॉपच्या मुलीला फोन केला. ती खळखळून हसली. “काकू, घरात म्हणालात ना तुम्ही!”

“घरातच आहे की! खणात!”

“आणि गाडी?”

“खिडकीबाहेर.”

मुलीने समजावलं ते असं. ही किल्ली पडून राहिली की तीही झोपते. हलली की तिला वाटतं, आपण मालकिणीच्या हातात आहोत. ती गाडीला साद घालते, ‘आले, आले’, आणि गाडी उठून बसते. मधे भिंत असली तरी एवढ्या अंतरावर तिला फरक पडत नाही. वर्कशॉपमध्ये किल्ली फळ्यावर टांगलेली होती, म्हणून गाडी झोपली. “दिवसभर तिला वाटत होतं, काकू येताहेत, काकू येताहेत. आणि काकू काही पोचत नव्हत्या.”

म्हणजे दिवेवाल्याने मशीन खिडकीत आणवलं, शाळेने जंगल शिवायला दिलं, काळजीने पाय थांबू दिले नाहीत, आणि बिचारी मुकी वाट बघून बघून खंगली. मुलाच्या मोबाईलचा आणि कॅमेऱ्याचा वाटा होता, पण मोठी भूमिका खणाची.

मी मावशीकडे पाहिलं. तिने टाचण्या काढल्या. एक, मग दुसरी, मग उरलेल्या.

“म्हणजे मी विसरले नव्हते.”

“नाही गं.”

“दार लावत होते. दिवा बंद करत होते. आणि किल्ली...”

“जिथल्या तिथे ठेवत होतीस.”

तिने डोळे पुसले, ते एका झाडाच्या बाहीला. मग त्या बाहीकडे पाहून म्हणाली, “बघा, डाग पडला. आता या झाडाला दवबिंदू दाखवावे लागणार.”

मुलाला तिने स्वतः फोन केला. त्याने सगळं ऐकलं, दोनदा ‘अरे देवा’ म्हणाला, आणि मग, “आई, माझं चुकलं. तू विसरली नव्हतीस.” मला वाटलं, आता मावशी तोंडभर आशीर्वाद देणार. तर म्हणते, “बाळा, आज नव्हते विसरले. उद्या विसरेनही, वय आहे. पण विसरले तरी माझ्याशी असं हळूहळू बोलायचं नाही. कळलं? नेहमीसारखं भरभर बोल. नाही कळलं तर मी विचारीन.”

पलीकडून तो भरभर काहीतरी बोलला. ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा.

आता किल्ली ठेवायची कुठे, हा प्रश्न उरला. स्वयंपाकघरात खिळ्याला लावून पाहिली. हाताला सवय नाही, संध्याकाळी पुन्हा खणात. कपाटात ठेवली, सकाळी खणात. मशीन आत न्यावं तर दिवेवाल्याचं भाषण. शेवटी मावशी जिना चढून माझ्याकडे आली. काळ्या चिंधीची पुरचुंडी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

“ठेवा तुमच्याकडे. जपून हं, राणीसाहेब. तुमचा धांदरटपणा मला माहीत आहे.”

इतकी वर्षं आमच्या अंगठ्या आणि घड्याळं तिच्याकडे. तिने स्वतःची वस्तू कुणाकडे ठेवायला दिलेली मी प्रथमच पाहत होते. आतल्या खोलीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, तो रिकामा केला, म्हणजे बिस्किटं खाल्ली, आणि किल्ली त्यात ठेवली; पत्र्याच्या डब्यातून किल्लीची साद बाहेर जात नाही, असं वर्कशॉपच्या मुलीने सांगितलं होतं.

मशीन दिवसभर खडखडलं, जंगल शिवून झालं, मुकी मिटल्या आरशांनी गाढ झोपली. मुलगा ठरल्या तारखेला आला, बॅटरी पाहिली, आणि गाडी न्यायची गोष्टही न काढता आईला घेऊन समुद्रावर गेला. गाडी आईनेच चालवली. तो म्हणे शेजारी बसून सारखा पाय दाबत होता, ब्रेक नव्हता तिथे.

दिवेवाल्याच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला आणायला आम्ही दोघी गेलो. येताना मावशी त्याला आख्खी हकिकत सांगत होती, सगळ्यांच्या आवाजात, हातवारे करून. आणि त्या भरात आमचं वळण चुकलं. चांगलं लांब जाऊन परत यावं लागलं.

“बघ,” मी म्हटलं, “हे खरं विसरणं.”

“अंहं,” मावशी म्हणाली. “ही लांबलेली एंट्री.”

मागून दिवेवाला पट्टीखालून म्हणाला, “कुणी मला सांगेल का, मशीन खिडकीत आणल्यापासून शिवण सुधारली की नाही?”

हल्ली आमचा नेम ठरला आहे. मावशीला कुठे जायचं असलं की ती खिडकीतून वर तोंड करून हाक मारते, “राणीसाहेब, तिसरी घंटा झाली!” मी गॅलरीत येते आणि दोरीला बांधलेली छोटी टोपली खाली सोडते. आत काळी पुरचुंडी. टोपली डुलत डुलत खाली जाते, किल्ली डुलते, आणि मुकी आपले आरसे उघडते. आता तिची वाट फुकट जात नाही.